निळ्या रेघेचा हात

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

हे पत्र मी छापखान्यातून लिहिते आहे. उत्तर घरी पाठवू नकोस, वर दिलेल्या छापखान्याच्या पत्त्यावर पाठव. पोस्टमन पत्रं बाबांच्या हातात देतो आणि तुझं अक्षर ते पाकिटावरूनच ओळखतात. लपवाछपवी मला जमत नाही हे तुला माहीत आहे. पण फोन त्यांच्या पलंगाशी आहे आणि मला जे विचारायचं आहे ते त्यांच्यासमोर विचारता येणार नाही.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही दर महिन्याला 'कवचवीर'चा अंक काढतो. मुलं घेतात, आणि मुलांच्या नावाखाली मोठी माणसंही. आमचे चित्रकार मास्तर आधी सगळं पान फिकट निळ्या पेन्सिलीने काढतात. मग मी त्यावर काळ्या शाईने रेघ ओढते. निळी पेन्सिल पुसायची नसते, कारण छपाईच्या कॅमेऱ्याला तो निळा दिसतच नाही. अंकात फक्त शाई उतरते. निळं मूळ पानावर तसंच राहतं आणि पान कपाटात जातं.

परवा एक जुनं पान कपाटातून काढावं लागलं. शेवटच्या चौकटीत कवचवीर छपरावर उभा आहे, मागे मोकळं आकाश. त्या आकाशात, जिथे शाई नाही तिथे, निळ्या पेन्सिलीचं आणखी एक चित्र होतं. अंगठ्याएवढं. एक पलंग, त्यावर म्हातारा माणूस. कवचवीर त्याच्यावर वाकलाय आणि त्याचा हात उशीवर आहे. उशी म्हाताऱ्याच्या तोंडावर आहे की तोंडाशेजारी, ते कळत नाही. भिंग लावलं. तरी कळत नाही.

आत्या, त्या पलंगाच्या एका खांबाचा गोळा तुटलेला आहे. पायथ्याचा, खिडकीकडचा. आपल्या पलंगाचा तुटलाय तोच.

मग मी कपाटातली सगळी पानं पाहिली. सात पानांवर तेच चित्र आहे. नाही, बरोबर सांगायचं तर सहा पानांवर, आणि सातव्यावर नुसता पलंग.

मास्तर आमच्या घरी एकदाच आले, डिसेंबरात, मला ताप होता तेव्हा पानं न्यायला. बाबांनी त्यांना पलंगाशेजारी अर्धा तास बसवून 'चित्रकथांनी मुलांची भाषा कशी बिघडते' यावर ऐकवलं. मास्तर हसत होते. पण जाताना दारात मला म्हणाले, "बाई, तुमच्या वडिलांना सांभाळायचं म्हणजे कवचवीरच पाहिजे." त्यांच्या मनात काय आहे? उगाच एखाद्यावर संशय घेणं वाईट. घेतला नाही आणि काही झालं तर त्याहून वाईट. एका चित्राचा ट्रेसिंग कागदावर छाप घेऊन सोबत जोडला आहे. तू मनाची डॉक्टर आहेस. हे काढणारा माणूस धोकादायक आहे का, एवढं सांग.

बाबा ठीक आहेत. हृदयाचं आहे ते आहेच, पण गोळ्या चालू आहेत. मीच देते.

तुझी
ठिपकी

*

११ फेब्रुवारी

प्रिय ठिपके,

अकरा वर्षांत तुझी सात पत्रं आली, त्यातल्या एकातही तू मला काही विचारलं नव्हतंस. त्यामुळे आधी मला आनंद झाला आणि मग आनंद झाल्याची लाज वाटली.

तुझे सहा अंक मिळवून एका बैठकीत वाचले. बाहेर एक पेशंट ताटकळत होता. त्याला आत घेतलं तर तो म्हणाला, "चौथा अंक झाला असेल तर मला द्या."

आता ऐक. तुझा कारकून हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात बसतो, सगळ्यांचं ऐकून घेतो. मग त्याची शुद्ध हरपते आणि कवचवीर जागा होतो. शुद्धीवर आल्यावर कारकुनाला काही आठवत नाही, फक्त सदऱ्याची बाही फाटलेली असते. वाचकांना वाटतं, कारकून हा मुखवटा आणि कवचवीर हा आतला खरा माणूस. मला उलटं वाटतं. सहाही अंकांत एक गोष्ट सारखी आहे. सकाळी जो कारकुनाचा अपमान करतो, तोच दुपारी संकटात सापडतो. साहेबाची लिफ्ट तुटते. घरमालकिणीच्या घराला आग लागते. आणि कवचवीर धावत जाऊन नेमकं त्यालाच वाचवतो. आता मला सांग, लिफ्ट तोडली कोणी? आग लावली कोणी? अंकात त्याचं उत्तर नाही.

माझं उत्तर असं, की कारकुनाने. हाताने नव्हे, मनाने. इतका राग आपल्यात आहे हे त्याला स्वतःलाही कळू द्यायचं नाही, म्हणून तो राग तळघरात राहतो. कवचवीर हा त्या तळघरातून वर आलेला माणूस नाहीच. तो तळघराच्या दारावर बसवलेला पहारेकरी आहे. म्हणून त्याला विसावा नाही आणि म्हणून त्याचं कवच इतकं जड आहे.

मास्तरांची काळजी सोड. माणसं काम करताना कोपऱ्यात काहीबाही काढतात. ट्रेसिंग पाहिलं. रेघ चांगली आहे. त्यात विशेष काही दिसलं नाही.

मी येऊन गेले असते, पण महिनाअखेरपर्यंत सगळ्या वेळा दिलेल्या आहेत.

तुझी
आत्या

*

२३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू ट्रेसिंग नीट पाहिलं नाहीस. त्या हाताला चार बोटं आहेत.

तुझं पत्र आलं त्याच्या दोनच दिवसांनी मला ते दिसलं, आणि तेव्हापासून मी कोणतीही गोष्ट पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय करू शकत नाही. मास्तर हाताला पाचच बोटं काढतात. चार काढणारी मी आहे. तू मला घरी शिकवायचीस, तेव्हा टेबलावर कागद, कागदावर तुझा डावा हात, आणि मी भोवती पेन्सिल फिरवायची. करंगळी नसलेला हात. मला दहाव्या वर्षी शाळेत घातलं तोपर्यंत चित्रातला हात म्हणजे तोच, अशी माझी समजूत होती. इथे पहिल्याच दिवशी मास्तरांनी माझं पान सगळ्यांना दाखवलं होतं: "बाई, हा हात आहे की केळ्यांची फणी?" तेव्हापासून मी मोजून पाच काढते. लक्ष असलं की.

म्हणजे ती चित्रं मी काढली आहेत. शाई वाळायला पंधरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ मी पानापुढे बसून असते. दुपारी डोळे जड होतात. हात काय करतो ते मला आठवत नाही. आत्या, मला आठवत नाही, आणि कारकुनालाही आठवत नाही.

तू लिहिलंस, लिफ्ट कारकुनाने तोडली. बाबा मला रोज बोलतात. चहा गार, भात चिकट, अक्षर तिरकं. मी 'हो बाबा' म्हणते. मला राग येत नाही. मी खूप शोधून पाहिलं, येत नाही. म्हणजे तो तळघरात आहे.

मी काळजी घेतली आहे. घरातल्या तिन्ही उशा शेजारणीकडे ठेवल्या. कात्री आणि वस्तरा छापखान्यात आणून ठेवला. बाबांनी विचारलंच.

"उशा कुठे गेल्या?"

"धुवायला."

"तिन्ही एकदम? आणि कात्री?"

"धारेला."

"वस्तरा?"

"तोही धारेला."

"म्हणजे घरात आता धार काय ती माझ्या जिभेलाच."

त्यांची मान आखडली आहे. तो दोष माझा, पण आखडलेली मान बरी.

त्यांच्या गोळ्यांचीही मी फार काळजी घेते. डॉक्टर म्हणाले होते, पांढरी गोळी चुकून दोनदा दिली तर नाडी मंदावेल. हल्ली मला दिली की नाही ते आठवत नाही, म्हणून मी फारच जपून असते.

कालचा एक प्रकार. बाबा दारात चपला घालत होते आणि पाय आत जाईना. म्हणाले, "या चपला कोणी बदलल्या?" मी म्हटलं, त्याच आहेत. "मग पाय बदलले असतील," म्हणाले आणि आत येऊन बसले. मला वाटतं त्यांना माझा संशय येतो.

मी काय करू ते सांग. त्यांच्यापासून दूर जाऊ का? पण मग त्यांच्याजवळ कोण?

ठिपकी

*

२८ फेब्रुवारी

प्रिय ठिपके,

हे पत्र शांतपणे, बसून वाच.

इच्छा म्हणजे कृती नव्हे. मनात माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत किती जणांना मारतो आणि पुन्हा जिवंत करतो, हे मोजलं तर कोणालाच रस्त्यावरून हिंडता येणार नाही. ज्याला आपल्या हाताची एवढी भीती वाटते, त्याचा हात सहसा काही करत नाही. उशा परत आण.

तुला एक सांगते. आपल्या घरात एकही दार पूर्ण लागत नाही. प्रत्येक दाराखाली लाकडाची पाचर असते. तुला वाटायचं, वाऱ्यासाठी. मी नऊ वर्षांची होते आणि दादा तेरा. सकाळी मी त्याची गणिताची वही फाडली आणि दुपारी त्याने दार लावलं तेव्हा माझी करंगळी चौकटीत होती. त्याने मला पाहिलं नव्हतं. मी शपथेवर सांगते, पाहिलं नव्हतं. पण सकाळी तो रागावलेला होता, म्हणून त्याचा स्वतःवर कधी विश्वास बसला नाही. त्या आठवड्यात त्याने सगळ्या दारांना पाचरी लावल्या. तू कोणाची मुलगी आहेस ते बघ.

चपलांचं वाचून मला हसू आलं, पण ते फार बोलकं आहे. घर आता तू चालवतेस. बापाला स्वतःच्याच चपला परक्या वाटू लागतात ते अशा वेळी. तू त्याच्या जागी उभी राहते आहेस आणि त्याचं तुलाच भय वाटतं आहे. चपला, उशी, पलंग, सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं आहे. रोज दहा मिनिटं मनात येईल ते न खोडता लिही आणि मला पाठव. सुचलं नाही तर 'सुचत नाही' असं लिही.

एप्रिलमध्ये मी सवड काढेन.

तुझी
आत्या

*

५ मार्च

प्रिय आत्या,

न खोडता लिहायला बसले. चार कागद फाडले, हा पाचवा.

उशा आणल्या. त्यांचा उपयोग नाही. बाबा आता पलंगावर झोपतच नाहीत. तीन दिवस खुर्चीत बसूनच डोळे मिटतात. म्हणतात, आडवं झालं की पाण्यात पडल्यासारखं वाटतं. मला खरं कारण कळतं. आडव्या माणसाला पळता येत नाही. ते खुर्चीतून माझ्यावर नजर ठेवतात. मी खोलीत गेले की श्वास जोराने घेतात, बाहेर आले तरी मला तो ऐकू येतो. पानाला शाई लावताना मला तो छापखान्यातही ऐकू येतो.

आज दुपारी नव्या पानावर पुन्हा काहीतरी होतं. या वेळी पलंग नाही. एक दार आहे, अर्धवट उघडं, आणि चौकटीवर तोच हात. तू दाराची गोष्ट लिहिलीस म्हणून ते आलं असेल. दार उघडतोय की लावतोय ते मला ओळखता येत नाही. लावतच असणार. मास्तरांनीही पाहिलं. या वेळी हसले नाहीत. म्हणाले, "बाई, दोन दिवस सुट्टी घ्या." मी सुट्टी घेऊ शकत नाही. सुट्टीत मी घरी असेन.

सकाळी बाबांनी मला जवळ बोलावलं. मी दारातच उभी राहिले. म्हणाले, "ये, चावत नाही." मी म्हटलं, पानं द्यायची आहेत, उशीर होतोय. ते म्हणाले, "तुला जे बरं वाटेल ते कर. माझी तक्रार नाही." बाबा, आत्या. बाबा म्हणाले, तक्रार नाही. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

तुला एक सांगायचं राहिलं आहे. पण ते लिहिलं तर खरं होईल, म्हणून लिहीत नाही.

ठिपकी

*

८ मार्च, गाडीत

ठिपके,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, तुझ्या हातात देणार आहे. समोरासमोर मला यातलं अर्धंही बोलता येणार नाही. गाडी हलते आहे, अक्षराला हसू नकोस.

तुझं पत्र आज सकाळी आलं. वाचून मी ते नेहमीसारखं टेबलावर ठेवलं आणि मनात उत्तर जुळवायला लागले. नजर, खुर्ची, दार. छान जुळत होतं. मग वाटलं, सहीखाली इतकी कोरी जागा का? तू कागदाच्या कडेपर्यंत लिहिणारी मुलगी. कागद खिडकीशी नेला, तिरका धरला. फिकट निळ्या पेन्सिलीची एक ओळ होती.

'पांढरी गोळी मी पंधरा तारखेपासून देत नाही.'

ती तू जाणून लिहिलीस की शाई वाळताना तुझ्या हाताने, ते मला माहीत नाही. तुलाही कदाचित नसेल.

मी मनाची डॉक्टर आहे, पण त्याआधी साधी डॉक्टर आहे. चपला होत नव्हत्या, कारण पाय सुजले होते. आडवं झालं की पाण्यात पडल्यासारखं वाटत होतं, कारण छातीत खरोखरच पाणी भरत होतं. वैद्यकीच्या विद्यार्थ्याने हे वाचता वाचता ओळखलं असतं. तू मला सरळ शब्दांत रोगाची लक्षणं कळवत होतीस आणि मी त्यांचे अर्थ लावत बसले. 'फार बोलकं आहे' असं लिहिलं मी! माझा हात पाकीट चिकटवत होता तेव्हा माझा भाऊ बुडत होता.

मी फोन केला. अकरा वर्षांनी. तुला शाळेत घालावं म्हणून भांडून मी त्या घरातून निघाले, त्यानंतर पहिल्यांदा. हे संभाषण तुला सांगावं का, याचा तीन स्टेशनं विचार केला. सांगते, कारण न सांगितल्याने आपल्या घरात काय होतं ते पाहिलं.

"कोण?"

"दादा, मी."

"बरं." मग दोन श्वास. "पोरगी छापखान्यात गेलीय."

"मला तुझ्याशीच बोलायचंय. गोळ्या घेतोस ना?"

"मिळाल्या तर घेईन."

"म्हणजे तुला माहीत आहे?"

"गणिताचा मास्तर आहे मी. आधी दोन गोळ्या यायच्या, आता एकच येते. ती विसरत नाही. ती देत नाही."

"मग मागितली का नाहीस?"

त्याला एका दमात चार शब्दही येत नव्हते. म्हणाला, "तिचं आयुष्य या खोलीत गेलं. तिने ठरवलं असेल तर ठरवलं असेल. मी मोडता घालणारा कोण?"

ठिपके, तू त्याला तुझ्याच हातापासून वाचवायला गोळी बंद केलीस आणि तो तुझ्यासाठी मरायला तयार होऊन खुर्चीत बसला. दोघंही आपापल्या दाराखाली पाचर ठोकून.

मी ओरडले. पेशंट बाहेर ऐकत असतील तर असोत. "दादा, ती तुला मारत नाहीये! तिला भीती वाटते, चुकून दोन दिल्या जातील म्हणून. दिली का आठवत नाही, म्हणून एकही देत नाही. तिने कात्री लपवली, उशा लपवल्या. ती तुला वाचवतेय, अरे!"

तिकडे काहीतरी आपटलं. मला वाटलं, फोन त्याच्या हातातून पडला.

मग तो म्हणाला, "उशाही त्यासाठीच होय?"

"हो."

"मग डॉक्टरला बोलव. लवकर."

डॉक्टर लगेच गेले. मी निघेपर्यंत त्याला दवाखान्यात हलवलं होतं. वाचेल का, हे मला ठाऊक नाही. तुला खोटं सांगणार नाही.

आता माझं. पहिल्याच पत्रासोबत ट्रेसिंग आलं तेव्हा मी तो हात ओळखला होता. चार बोटं मोजावी लागली नाहीत. तो तुझा हात नाही, ठिपके. माझा आहे. तू मला काढत होतीस, महिनोन् महिने. पलंगाशी वाकलेली, उशी नीट करणारी. मग दारात, चौकटीवर हात ठेवून उभी. ज्याला ज्याला मदत हवी तिथे तो कवचवाला बरोब्बर वेळेवर पोचतो. तू सात पानांवर मला हाका मारल्यास आणि मी लिहिलं, 'विशेष काही दिसलं नाही.' ओळखलं असं कबूल केलं असतं तर यावं लागलं असतं.

तुझ्या मनात राग नव्हता असं मी म्हणत नाही. असेल, आणि असायला हवा. त्याच्यावर आणि माझ्यावरही. पण गोळी त्या रागाने बंद केली नाही. पहारेकऱ्याने केली. आणि त्याच्या हातात ते शस्त्र मी दिलं, लिफ्ट कोणी तोडली वगैरे लिहून. तेवढं ओझं तू उचलू नकोस, ते माझं आहे.

गाडी पोचायला एक तास आहे. दवाखान्याच्या दारात तू दिसलीस तर मी काय बोलेन कोण जाणे. हे हातात देईन.

आत्या

*

२७ एप्रिल

प्रिय ठिपके,

आपण घरं बदलली खरी, पण माझं घर तुला मानवलं का? स्वयंपाकघरातल्या खिडकीला धक्का द्यावा लागतो, सांगायचं राहिलं. माझी मैत्रीण, तीही मनाचीच डॉक्टर, कळवते की तू तिच्याकडे दर मंगळवारी आणि शुक्रवारी वेळेच्या वीस मिनिटं आधी जाऊन बसतेस. त्याहून जास्त ती मला काही सांगत नाही, आणि मी विचारत नाही.

दादाला घरी आणून महिना झाला. दवाखान्यातले पहिले चार दिवस आता मी आठवत नाही. हृदय पूर्वीचं राहिलं नाही. जिना यापुढे नाही. चपला होतात. गोळ्या तो स्वतः घेतो, सात कप्प्यांच्या डबीतून, आणि घेतली की मला मोठ्याने सांगतो: "घेतली. एकच घेतली. लिहून ठेव." तू शाईच्या रिकाम्या बाटलीत साठवलेल्या एकवीस गोळ्या त्याने पाहिल्या. मोजल्या. म्हणाला, "एकही चुकली नाही. माझीच पोरगी."

मी त्याला विचारलं, रागावला नाहीस तिच्यावर? तर माझ्या डाव्या हाताकडे बघून म्हणाला, "तू कुठे रागावलीस?"

आम्ही रोज भांडतो. भात चिकट होतो म्हणतो. मी म्हणते, तर मग खाऊ नकोस. तो खातो.

काल त्याने न्हाणीघराच्या दाराखालची पाचर पायाने सारली आणि दार पूर्ण लावलं. आतून ओरडला, "बये, बोटं बाजूला घे!" मी पलंगावर बसून इतकी हसले, की शेवटी रडले.

रोज विचारतो, पोरगी जेवली का. तूच कळव त्याला. फोन त्याच्या पलंगाशीच आहे.

तुझी
आत्या

*

४ मे

प्रिय आत्या,

फोन उचलते आणि ठेवते. आज सकाळी चारदा. त्यांचा श्वास ऐकू येईल अशी भीती वाटते, आणि ऐकू येणार नाही अशीही. तुझी मैत्रीण म्हणते, भीती जाईल असं ती कबूल करत नाही, पण माझ्याऐवजी भीतीने गोळ्या द्यायला नकोत. खिडकीला धक्का दिला, उघडली. गॅस बंद केला का ते मी अजून तीनदा बघते. फेब्रुवारीत अकरा वेळा बघत होते.

मास्तरांनी पानं पोस्टाने पाठवली आहेत. सोबत चिठ्ठी: 'बाई, तुमच्याशिवाय शाई सांडते. इथे सगळे पाच बोटांचेच हात काढतात, कंटाळा आला.'

शेवटच्या पानावर कारकून एका दारात उभा आहे. अंगावर कवच नाही, बाही फाटलेली नाही, शुद्धीवर आहे. मास्तरांनी या वेळी त्याच्या डाव्या हाताची जागा रिकामी ठेवली आहे. निळी रेघसुद्धा नाही. मला काढायला ठेवली असावी, किंवा विसरले असतील.

मी टेबलाशी दुपारभर बसले. डोळे जड झाले तेव्हा उठून तोंड धुतलं. मग जागेपणी, चौकटीवर टेकवलेला एक हात काढला. बोटं मोजली. चारच झाली होती. पाचवं काढायला पेन उचललं आणि खाली ठेवलं.

निळ्या पेन्सिलीने नाही काढला, आत्या. सरळ शाईने काढला. कॅमेऱ्याला दिसेल, अंकात छापून येईल. मुलं मोजतील आणि पत्रं पाठवतील, मास्तर वैतागतील.

आता शाई वाळते आहे. पंधरा मिनिटं आहेत. तेवढ्यात बाबांना फोन करते.

तुझी
ठिपकी